कंट्रोलरच्या हाकेला ओ द्या

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना हौसेनं स्वतःचं छोटंसं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहायला घेतलं. ते एम्युलेटरवर (खऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) बूट होतं, स्क्रीनवर अक्षरंही येतात. आता फ्लॉपी वाचायची आहे आणि तिथे तीन आठवडे अडकले आहे. कंट्रोलर (फ्लॉपी चालवणारी चिप) रीसेट केला की आयआरक्यू ६ या ओळीवर एक इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मारलेली हाक, येतो. चार ड्राइव्हसाठी चार यायला हवेत असं वाचलं होतं, म्हणून मी चारांची वाट बघते, पण दुसरा येतच नाही. तो भाग गाळला तर सीक (डोकं हव्या जागी नेणं) होतं, पण त्यानंतरचं रीड कधी चालतं, कधी लटकतं. रीड चाललं आणि शेवटी ‘सेन्स इंटरप्ट’ पाठवलं, तर उत्तरात नुसतं ८० येतं. माझं काय चुकतंय? मित्र म्हणतात, मेलेल्या वस्तूच्या मागे कशाला लागतेस. — एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : पोरी, मित्रांचं मनावर घेऊ नकोस. तीस वर्षं मी ही यंत्रं उघडली, जोडली आणि पुढे मुलामुलींना शिकवली. हार्डवेअरशी बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे फ्लॉपीच्या कंट्रोलरइतकं उघडपणे दाखवणारं दुसरं यंत्र मला भेटलेलं नाही. पत्रासोबत कोडची दोन पानं पाठवलीस हे फार बरं केलंस. मी त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, त्या एकेक करून सांगते.

आधी समोर कोण आहे ते बघ. एनईसी कंपनीची ७६५ नावाची चिप आणि इंटेलची तशीच ८२७२. १९८१ च्या आयबीएम पीसीत हीच जात आली आणि पुढच्या पीसींनी तिचीच भाषा ठेवली. नंतर ती मदरबोर्डावरच्या मोठ्या चिपच्या पोटात गेली, तरी बोलणं तेच राहिलं. तुझा एम्युलेटर त्याच वंशाची नक्कल करतो.

तिच्याशी बोलायच्या मुख्य खिडक्या दोन. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ३एफ४ वर स्टेटस, ३एफ५ वर डेटा. (यापुढे पोर्टचे, कमांडचे आणि एसटी० चे आकडेही हेक्समधलेच.) स्टेटसचा बिट ७ म्हणजे ‘मी तयार आहे’. बिट ६ सांगतो पाळी कुणाची: ० असेल तर तू लिहायचं, १ असेल तर तू वाचायचं. बिट ४ म्हणजे कमांड चालू आहे. खालचे चार बिट चार ड्राइव्हचे. ज्याचं डोकं सरकतंय त्याचा बिट १. प्रत्येक बाइट लिहिण्याआधी आणि प्रत्येक बाइट वाचण्याआधी ७ आणि ६ बघायचेच. तू लिहिताना बघतेस, वाचताना नाही. ही पहिली खूण. यात आळस चालत नाही, कारण एक बाइट इकडचा तिकडे झाला की पुढचं सगळं संभाषण सरकतं आणि मग जे निकाल येतात त्यांचा अर्थ लागत नाही.

कमांडचे टप्पे तीन: आधी तुझा हुकूम, मग तिचं काम, मग निकाल. रीडचा हुकूम नऊ बाइटांचा. पहिला ४६, मग ड्राइव्ह आणि हेड, मग सिलिंडर (तबकडीवरचं कितवं वर्तुळ), हेड, सेक्टर, सेक्टरचा आकार (५१२ बाइटांसाठी २), ट्रॅकवरचा शेवटचा सेक्टर (१.४४ च्या फ्लॉपीवर १८, हेक्समध्ये १२), गॅपसाठी १बी आणि शेवटी एफएफ. सेक्टर १ पासून मोजतात, ० पासून नाही. हे तुझ्याकडे बरोबर आहे, पहिल्यांदा लिहिणारे सगळे तिथेच चुकतात. काम सुरू झालं की डेटा डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या यंत्रणेच्या) चॅनल २ वरून थेट मेमरीत जातो. काम संपल्यावर सात बाइटांचा निकाल: तीन स्टेटस बाइट आणि मग सिलिंडर, हेड, सेक्टर, आकार.

खरी मेख इथे आहे. सगळ्या कमांडना तिन्ही टप्पे नसतात. ‘स्पेसिफाय’ (ड्राइव्हच्या वेळा ठरवून देणारी कमांड) तीन बाइट घेते आणि गप्प बसते. इंटरप्ट नाही, निकाल नाही. रीड, राइट, फॉरमॅट यांना इंटरप्टही आहे आणि निकालही. ‘सीक’ आणि ‘रीकॅलिब्रेट’ (डोकं शून्यावर आणणं) मात्र इंटरप्ट देतात, पण निकाल देत नाहीत. डोकं खरोखर पोचलं का, कुठे पोचलं, हे तुला वेगळं विचारावं लागतं. ते विचारायची कमांड म्हणजे सेन्स इंटरप्ट, एकच बाइट, ०८. तिच्या उत्तरात दोन बाइट येतात: स्टेटस शून्य, म्हणजे एसटी०, आणि सध्याचा सिलिंडर.

हे मी कशी शिकले ते सांगते. १९९२ चा मे महिना. बर्डीवर पहिल्या मजल्यावर आमचं दुरुस्तीचं दुकान होतं. पारा ४५ च्या पुढे, कूलरला वाळ्याच्या ताट्या, आणि दुपारी लाईन गेली की सगळे जिन्यात जाऊन बसायचे. ड्राइव्ह तपासायला मी स्वतःचा एक प्रोग्राम लिहीत होते. टेबलावर एक्सटीचा (आयबीएमच्या जुन्या धाटणीच्या पीसीचा) उघडा बोर्ड आणि त्यावर फ्लॉपीचं वेगळं कार्ड, ज्यात चाळीस पायांची ८२७२. प्रोग्राम रीकॅलिब्रेट पाठवायचा, डोकं करकर करत शून्यावर यायचं, इंटरप्ट यायचा आणि मग सगळं ठप्प. दुसरा इंटरप्ट येतच नव्हता. मी कार्ड बदललं, केबल बदलली, पॉवर सप्लायसुद्धा बदलला. दोन दिवस गेले. शेवटी आमच्या वरिष्ठांनी लॉजिक प्रोब घेतला आणि टोक चिपच्या १८ नंबरच्या पायाला लावलं. तो पाय इंटरप्टचा. प्रोबचा लाल दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला, लुकलुकला नाही. ते म्हणाले, “अगं, तो केव्हाचा हाक मारतोय. तू ओ तर दे!”

तो स्थिर लाल दिवा मी आजही विसरलेले नाही. चिपनं काम संपवून ओळ वर केली होती आणि कुणी विचारत नाही तोवर ती वरच धरून ठेवणार होती. प्रोसेसरच्या अलीकडे बसलेली ८२५९, म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर, पीसीत ओळीचं चढणं ओळखते. आधीच वर असलेली ओळ पुन्हा चढणार कशी? म्हणून दुसरा इंटरप्ट नाही. माझ्या हँडलरनं (इंटरप्ट आला की चालणाऱ्या कोडनं) ८२५९ ला ‘झालं’ म्हणून कळवलं होतं, पोर्ट २० वर २० लिहिलं होतं. त्यामुळे मला वाटत होतं, माझ्याकडून सगळं झालंय. पण ते निरोप्याला सोडल्यासारखं होतं; ज्यानं निरोप पाठवला तो तसाच उभा होता. प्रोग्राममध्ये ०८ पाठवून दोन बाइट वाचायच्या चार ओळी घातल्या आणि दिवा एकदा लवून विझला.

आता तुझ्याकडे येऊ. तुझ्या सीकनंतर ०८ नाहीच. ही दुसरी खूण, आणि तुझ्या रीडच्या लहरीपणाचं निम्मं कारण हेच. विचारल्याशिवाय सीक पुरतं मिटत नाही. स्टेटसमधला त्या ड्राइव्हचा बिट तसाच राहतो आणि पुढची कमांड त्यात अडखळते. सीक, इंटरप्ट, ०८, दोन बाइट, आणि आलेला सिलिंडर मागितलेलाच आहे ना हे तपासणं, मगच रीड. एसटी० मध्ये २० आलं, म्हणजे ड्राइव्ह ए वर सीक नीट संपलं.

रीसेटचं कोडं. रीसेटनंतर चिप चारही ड्राइव्हची दखल घेते, त्यांची अवस्था बदलली असं धरते आणि चार नोंदी करते. ओळ मात्र एकच, ती एकदाच वर जाते. हाक एक, ओ चार वेळा. एका इंटरप्टची वाट बघ आणि मग लागोपाठ चार वेळा ०८ पाठवून प्रत्येक वेळी दोन बाइट वाच. एसटी० मध्ये सी०, सी१, सी२, सी३ असं येईल. शेवटचा आकडा ड्राइव्हचा. तुझ्या यंत्राला एकच ड्राइव्ह असला तरी चार.

आणि ते ८०. रीडनंतर तू सातही बाइट वाचलेस, तिथेच तुझी ओ पोचली. निकाल वाचायला लागलं की इंटरप्टची ओळ आपोआप खाली येते. मग तू ०८ पाठवतेस, आणि चिप म्हणते, मी तर हाकच मारली नव्हती. एसटी० मध्ये ८० म्हणजे ‘अवैध कमांड’. यात एक सापळा आहे: अशा वेळी उत्तर एकाच बाइटाचं असतं. दुसऱ्याची वाट बघत बसलीस तर बसलीसच. म्हणून बाइट मोजून वाचू नकोस. बिट ६ आणि बिट ४ जोवर १ आहेत तोवरच वाच. (पीसीत आधीपासून असलेल्या बायोस या मूळ प्रोग्रामच्या इंट १३ या सेवेमध्येही ८० नावाची चूक आहे, तिचा अर्थ ‘वेळ संपली’. त्या ८० चा या ८० शी संबंध नाही. मी दोन्हींची गल्लत करणारे हुशार लोक पाहिले आहेत.)

तिसरी खूण सगळ्यात मोठ्या पेन्सिलीनं केली आहे. तू कमांडचा शेवटचा बाइट पाठवतेस, मग ‘इंटरप्ट आला’ हा फ्लॅग शून्य करतेस, मग वाट बघतेस. खऱ्या यंत्रात डोकं सरकायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून बहुतेक वेळा निभावून जातं. एम्युलेटरला सरकवायचं काहीच नसतं. तो शेवटच्या बाइटासरशी इंटरप्ट देऊ शकतो. हँडलर फ्लॅग १ करतो आणि पुढच्याच ओळीला तू तो पुसतेस. मग तू वाट बघतेस अशा इंटरप्टची, जो येऊन गेला. ‘कधी चालतं, कधी लटकतं’ याचं उरलेलं निम्मं कारण हे. फ्लॅग आधी शून्य कर, मग पहिला बाइट पाठव.

अजून एक, जे तू विचारलं नाहीस पण पुढच्या आठवड्यात विचारशील. ड्राइव्हमध्ये फ्लॉपीच नसेल तर काय? सेक्टर सापडत नाही हे चिप कसं ठरवते? तबकडी फिरताना दर फेरीला एक इंडेक्स पल्स येतो. तो दोनदा आला आणि सेक्टर दिसला नाही, की ती हार मानून निकाल देते. फ्लॉपीच नसेल तर पल्स नाही, आणि पल्स नाही तर फेऱ्या मोजायच्या कशा? ती मोजतच राहते आणि इंटरप्ट कधीच येत नाही. म्हणून कुठलीही वाट अमर्याद ठेवायची नाही. बायोस साधारण दोन सेकंद थांबतो आणि सोडून देतो. तूही तसंच कर, आणि वेळ संपली की कंट्रोलर रीसेट कर. अर्धवट रीडमधून त्याला बाहेर काढायला दुसरा मार्ग नाही. रीसेट केलंस की पुन्हा ती चार वेळची ओ, पुन्हा स्पेसिफाय, पुन्हा रीकॅलिब्रेट. हा क्रम एकाच फंक्शनमध्ये लिही.

रीकॅलिब्रेटबद्दलही एक सांगून ठेवते, कारण हे एम्युलेटर दाखवणार नाही. जुनी ८२७२ डोकं शून्यावर आणायला जास्तीत जास्त ७७ पावलं टाकते. फ्लॉपीवर सिलिंडर ८०. डोकं ७९ वर असेल तर ७७ पावलांनी ते २ वर येऊन थांबतं, शून्याचा सेन्सर लागत नाही आणि एसटी० मध्ये ७० येतं: काम बिघडलं, ड्राइव्हनं दाद दिली नाही. इतवारीतल्या एका किराणा व्यापाऱ्याचा ड्राइव्ह असाच ‘गेलाय’ म्हणून दुसरीकडून परत आला होता. माझ्या प्रोग्रामनं पहिल्या खेपेला ७० दाखवलं, दुसऱ्यांदा रीकॅलिब्रेट दिलं तर २०. ड्राइव्हला काहीही झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये रीकॅलिब्रेट दोनदा असतं, आणि तुझ्यातही असावं असं मला मनापासून वाटतं.

डीएमएचं थोडक्यात: बफर ६४ केबीच्या सीमेवरून ओलांडू देऊ नकोस. डीएमएशिवाय करायचं मनात आणू नकोस. ५०० किलोबिटच्या वेगानं दर १६ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो, तुझं कर्नल मध्ये जरा कुठे गुंतलं की ओव्हररन, म्हणजे आधीचा उचलायच्या आत पुढचा बाइट येऊन आदळतो. आणि ३एफ२ वर, म्हणजे ड्राइव्ह आणि मोटर निवडायच्या पोर्टवर, लिहिताना बिट ३ सुटू देऊ नकोस. तो ० असला तर चिप कितीही ओरडली तरी इंटरप्ट कार्डाबाहेर पडत नाही. ड्राइव्ह ए ची मोटर चालू ठेवून नेहमीचा आकडा १सी.

पहिला सेक्टर वाचलास की मला कळव.

प्रश्न : आमचे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या निरूपणाच्या टिपणांच्या अकरा फ्लॉप्या घरात आहेत, चार साडेतीन इंची आणि सात मोठ्या सव्वापाच इंची. मुलानं यूएसबीचा ड्राइव्ह आणला. साडेतीनमधली एक वाचली, एक ‘फॉरमॅट करा’ म्हणते. मोठ्यांचं काय करावं? — एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : काका, ‘फॉरमॅट करा’ला हो म्हणू नका. कितीही वेळा विचारलं तरी नाही. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

मग फ्लॉपीची धातूची झडप बोटानं बाजूला करून उजेडात बघा. आपल्याकडे आठ महिने कोरडं आणि पावसाळ्यात कपाटं दमट. त्यात तबकडीवर पांढरट ठिपके येतात. ती बुरशी आहे. ठिपके दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. डोकं घासलं जातं, आणि त्याच घाणेरड्या डोक्यानं पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. एक वाचली, दुसरी नाही, यामागे हेही असू शकतं.

यूएसबी ड्राइव्हमध्ये कंट्रोलर आतच बंद असतो. वर ज्या कमांड लिहिल्या त्या त्याला थेट देता येत नाहीत. तो ७२० केबी आणि १.४४ एमबी असे ठरलेले प्रकार वाचतो आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हणतो. जुना, मदरबोर्डाला चपट्या केबलनं जोडायचा ड्राइव्ह असेल तर तोच सेक्टर वेगवेगळ्या तऱ्हेनं पुन्हापुन्हा मागता येतो. दहाव्या खेपेला वाचलेले सेक्टर मी पाहिले आहेत.

मोठ्या फ्लॉप्यांना सव्वापाच इंची ड्राइव्हच हवा. त्या बहुधा ३६० केबीच्या असतील. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये त्या वाचता येतात. तो ड्राइव्ह मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे घेतो, म्हणून कंट्रोलरला २५० ऐवजी ३०० किलोबिटचा वेग सांगावा लागतो, एवढंच. पण त्या ड्राइव्हनं त्यांवर लिहू मात्र नये. त्याचं डोकं अरुंद असतं, नवी रेघ जुन्या रेघेच्या मधोमध पडते आणि मग दोन्ही वाचेनाशा होतात. बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावा म्हणजे लिहिणं बंद.

फाइल हाती आली तरी ती उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसतील. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. त्या काळी मराठी जिस्ट कार्डावर (भारतीय लिप्यांसाठीच्या कार्डावर) इस्की या जुन्या संकेतात किंवा एखाद्या विशिष्ट फॉन्टच्या संकेतात लिहिलं जायचं. ते युनिकोडमध्ये आणता येतं. वडिलांनी कुठल्या प्रोग्राममध्ये लिहिलं, हे घरात कुणाला आठवतंय का ते आधी विचारा. फ्लॉपीवरच्या लेबलावरची त्यांची टिपणंही मोबाइलनं फोटो काढून ठेवा. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. अकराच्या अकरा घेऊन माझ्याकडे या. सव्वापाचचा ड्राइव्ह माझ्याकडे अजून चालू आहे आणि या कामाचे मी पैसे घेत नाही.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी सीएनसी मशीन आहे, तिचे प्रोग्राम फ्लॉपीवरून चढतात. ड्राइव्ह खराब झाला म्हणून जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. मशीन चालू केल्यापासून ड्राइव्हचा दिवा सारखा पेटलेला आहे आणि फ्लॉपी वाचत नाही. कंट्रोलर गेला का? — हिंगणा एमआयडीसी

उत्तर : भाऊ, कंट्रोलरला दोष देऊ नका. केबल उलटी लागली आहे. चौतीस पिनांच्या त्या चपट्या केबलीत सगळ्या विषम पिना ग्राउंड असतात. केबल उलटी बसली की ड्राइव्हच्या निवडीची पिन ग्राउंडला टेकते, आणि फ्लॉपीच्या केबलीत शून्य म्हणजेच ‘हो’. त्यामुळे ड्राइव्हला वाटतं आपल्याला सारखं बोलावतायत, आणि दिवा पेटलेला राहतो.

पण एक बघा, लिहिण्याची पिनही तशीच ग्राउंडला टेकलेली आहे. या अवस्थेत आत गेलेल्या फ्लॉपीवरचा ट्रॅक पुसला जाऊ शकतो. मशीनच्या प्रोग्रामची मूळ फ्लॉपी आत असेल तर आधी ती काढा, मग मेन स्विच बंद करा, मग केबल सुलटी करा. लाल कडा ड्राइव्हवर जिथे १ छापलंय त्या बाजूला. चालू केल्यावर पहिल्यांदा कोरी फ्लॉपी घालून बघा.